त्यांना असं म्हणायचंय

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मान्य. पण खांबेटे सर जिवंत असताना त्यांच्यासमोर कुणाला तोंड उघडायला मिळालं असेल तर शपथ! मग आम्ही बोलायचं तरी कधी?

सर जाऊन आता वर्ष होत आलं. परवा आमच्या व्याख्यानमाला मंडळाची पोरं घरी आली होती. पोरं म्हणजे साठीच्या पुढचीच आहेत सगळी, पण सरांपुढे ती कायम पोरंच राहिली. त्यांना स्मरणिका काढायची आहे. "मॅडम, तुमचा लेख हवाच. इतकी वर्षं तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत. दोन चांगले शब्द लिहा." मी म्हटलं, "दोनच निघतील." त्यांना वाटलं मी गंमत करतेय. हसले, चहा प्याले, गेले. मी जे लिहिणार आहे ते छापायची त्यांची छाती होणार नाही, हे मला ठाऊक आहे. न होवो. मी मात्र लिहिणार आहे.

मुळात ते 'सर' कशाचे, हा प्रश्न नाशकात कुणी कधी विचारला नाही. माणसानं आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केली, एका पोराला कधी पाढा शिकवला नाही. निवृत्त झाले, आमच्या मंडळाचे कार्याध्यक्ष झाले आणि त्याच संध्याकाळपासून सर झाले. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, मला रिक्षावाले काकू म्हणतात. असो. हे मी मनाला लावून घेतलेलं नाही, किंवा घेतलंय, पण थोडंच.

दिसायला रुबाबदार होते, ते नाकारून चालणार नाही. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर बिनबाह्यांचं जाकीट आणि आवाज सुटा राहावा म्हणून तोंडात लवंग. जाकिटाच्या खिशात माईकला घालायची काळी स्पंजाची टोपी असायची. स्वतःची, घरून आणलेली. दुसऱ्यांच्या थुंकीचा माईक त्यांना चालत नसे. ती टोपी बाहेर निघाली की मागच्या रांगेतली माणसं पायानं चपला चाचपायला लागायची.

आता त्यांचा खरा रोग सांगते. वक्ता बोलून खाली बसला, टाळ्या झाल्या, लोक उठायला लागले की सर माईकला टोपी चढवायचे आणि म्हणायचे, "वक्त्यांना असं म्हणायचंय की..." अहो, आत्ताच म्हणून झालंय ना त्याला जे म्हणायचं होतं ते! मराठीतच म्हणालाय! पण नाही. मराठीचंसुद्धा पुन्हा मराठीत करून दिल्याशिवाय सरांना अन्न गोड लागायचं नाही. आणि करून देताना जे द्यायचे ते सगळं पदरचं.

एकदा सिन्नरकडचे एक म्हातारे कवी आले होते. बायको गेल्याला महिना झाला नव्हता. तिच्या तुळशीतल्या पणतीवर एक छोटीशी कविता त्यांनी वाचली आणि गप्प उभे राहिले. सभागृह इतकं शांत झालं की बाहेरचा चहावाला ऐकू येत होता. माझ्या शेजारची बाई रडत होती. खरं सांगते, मीही रडत होते. तेवढ्यात टोपी चढली. "कवींना असं म्हणायचंय की पत्नी असेपर्यंत तिची किंमत करावी. हाच संदेश घेऊन आपण घरी जाऊ या." कवी बिचारे परत माईकपाशी आले. म्हणाले, "मला असं काहीही म्हणायचं नव्हतं." सर लोकांकडे वळून हात जोडून म्हणाले, "बघा, किती हा विनय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कवी चहासुद्धा न घेता निघून गेले.

हे फक्त स्टेजवर असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण हॉटेलात मिसळ मागवली तरी सर पोऱ्याला सांगायचे, "मॅडमना म्हणायचंय की तर्री बाजूला दे." मला तर्री वर पाहिजे असायची. मला ती भरपूर लागते, मी नाशिकची आहे. बरं, भांडावं तर ते समोरच्या माणसाला सांगणार, "मॅडमना भूक लागलीय, म्हणून चिडल्यात." माझं भांडणसुद्धा ते मला माझ्यासारखं करू द्यायचे नाहीत.

पंचवटीत त्यांच्या ओळखीचे दोन सख्खे भाऊ होते. मधल्या भिंतीवरून वाजलेलं, बोलणं बंद. सर मध्ये पडले. मोठा म्हणाला, "त्याचं तोंड बघायची इच्छा नाही." सरांनी धाकट्याला सांगितलं, "दादाला तुझी फार आठवण येते." धाकटा म्हणाला, "मेला तरी खांदा देणार नाही." सरांनी मोठ्याला निरोप दिला, "तो म्हणतोय, चूक माझीच होती." दिवाळीला दोघं गळ्यात गळे घालून रडले. सरांनी तेव्हाचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले. पुढे घरात लग्न निघालं, मानापानावरून विषय वाढला आणि एक म्हणाला, "तूच नव्हता का म्हणालास चूक तुझी म्हणून?" दुसरा म्हणाला, "मी? कधी?" झालं! भिंत होती त्याहून वर चढवली त्यांनी. मी सरांना ही बातमी मुद्दाम, आनंदानं सांगितली. त्यावर ते काय म्हणाले असतील? "पण मॅडम, दिवाळी गोड झाली की नाही?"

असा होता माणूस. आजची वेळ गोड झाली म्हणजे झालं. उद्याचा कडू घोट ज्याचा त्यानं गिळावा.

मी पुष्कळ विचार केला आहे की ह्या माणसाला नक्की काय झालं होतं. माझं निदान असं, की 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडात बसतच नसे. एकदा आम्ही दोघं सीबीएसवर, म्हणजे आमच्या मध्यवर्ती बस स्टँडवर उभे होतो. पेठकडचा एक म्हातारा, डोक्यावर बोचकं, पेठची गाडी कुठे लागते म्हणून विचारत होता. सरांना ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्याचा दंड धरला, प्रेमानं पाण्याची बाटली हातात दिली आणि त्याला सिन्नरच्या गाडीत बसवला. मी धावत जाऊन कंडक्टरच्या नावानं बोंब मारली म्हणून तो वाचला. सर मला म्हणाले, "इतका थकलेला माणूस, त्याला माहीत नाही म्हणून कसं सांगायचं?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी म्हटलं, "तोंडानं सांगायचं!"

तर आता त्या अंतराळवीर बाईंकडे येते. हा लेख लिहायला मी बसले ती त्यांच्यासाठीच.

एक गोष्ट मी सरांच्या पदरात टाकते. अंतराळात महिनोन्‌महिने राहून आलेली परदेशी बाई मुंबईला कशाला तरी आली होती, तिला ह्या माणसानं नाशकात आणून दाखवलं. कसं, ते मला गाडीत कळलं. गंगापूर रोडनं सभागृहाकडे जाताना बाईंनी मला विचारलं, "तुमच्या अकादमीची दुर्बीण कुठे आहे?" अकादमी म्हणजे आमचं मंडळ. दुर्बीण म्हणजे... जाऊ द्या. मी काय सांगणार? म्हटलं, अशी काही दुर्बीण नाही. बाई मोठ्यानं हसल्या. मला त्या तिथल्या तिथे आवडल्या. पांढरे आखूड केस, पायांत साधे बूट आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय.

भाषांतर मी करायचं ठरलं होतं. विषय होता 'अंतराळ संशोधनाचं भविष्य'. आठवडाभर मी शब्द जुळवत बसले होते. दोन यानं एकमेकांना येऊन जोडली जातात त्याला मराठीत काय म्हणावं, यावर मी विज्ञानाच्या दोन मास्तरांचं डोकं खाल्लं होतं. सभागृह तुडुंब भरलं. पायऱ्यांवर माणसं बसली होती, सातपूरच्या कारखान्यांतली पोरं गणवेशावरच आली होती. मी साडीचा पदर नीट करून स्टेजच्या पायरीकडे निघाले, तर वर टोपी चढलेली!

"रसिकहो, दुर्दैवानं आपल्या मॅडमचा घसा बसला आहे. त्यामुळे ही जबाबदारी मला पार पाडावी लागत आहे."

मी पहिल्या रांगेत उभी. घसा ठणठणीत. मी ओरडले, "माझ्या घशाला काहीही झालेलं नाही!" सर कळवळून लोकांना म्हणाले, "ऐकलंत ना? कसा आवाज चिरकलाय बघा." बाईंकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं की ह्या तुमचं स्वागत करतायत. बाईंनी मला हात केला. आणि वरून कळस म्हणजे सरांनी एका कार्यकर्त्याच्या हातून मला लवंग पाठवली. तीनशे माणसांसमोर ती लवंग हातात धरून मी खाली बसले. माझी ही नामुष्की मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

बाई बोलायला लागल्या. सुरेख बोलल्या हो! म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा वाटायचं, माझी पन्नाशी येईपर्यंत मंगळावर गाव वसलेलं असेल. नाही वसलं. पुढच्या पन्नास वर्षांत वसेल का? मला माहीत नाही." इतका मोठा माणूस इतकं स्वच्छ बोलतो तेव्हा अंगावर काटा येतो. सर म्हणाले, "पाहुण्यांना असं म्हणायचंय की पन्नास वर्षांत मंगळावर गावं वसणार म्हणजे वसणार!" टाळ्यांचा कडकडाट. 'माहीत नाही' म्हटल्यावर हे लोक टाळ्या का वाजवतायत, हे काही बाईंना कळेना.

मग त्या म्हणाल्या की पुढची पुष्कळ कामं यंत्रंच करतील. माणूस पाठवायला खर्च फार आणि जिवाला धोका. तरी माणसानं का जायचं, याचं माझं उत्तर दर वर्षी बदलतं. सर म्हणाले, यंत्रं कितीही पुढे गेली तरी आपल्या संस्कारांची सर त्यांना येणार नाही. टाळ्या. त्या म्हणाल्या की तिथे आम्ही आमचीच लघवी शुद्ध करून पितो, काल सकाळचा चहा आज पुन्हा चहा होतो. सर गोदावरीच्या प्रदूषणावर पाच मिनिटं बोलले. टाळ्या. त्या म्हणाल्या की चंद्रावर आता सगळे देश जातील आणि मला भीती वाटते की आपण आपली भांडणंही बरोबर नेऊ. ह्याचं सरांनी भाषांतरच केलं नाही. नुसतं म्हणाले, "पाहुण्या आपल्या देशाचं कौतुक करतायत."

एक गोष्ट मात्र मी माझ्यापुरती राखून ठेवली आहे, ती इथे नीट सांगते. बाई म्हणाल्या, "मंगळावरून घरी हाक मारली तर ती पोचायला काही मिनिटं लागतात, आणि ओ यायला पुन्हा तितकीच. मूल आजारी आहे का, आई आहे की गेली, विचारलं तरी लगेच कळणार नाही. यान बांधायला आपण शिकू. पण त्या मधल्या वेळात, उत्तर नसताना, शांत कसं बसायचं, ते आम्हाला अजून येत नाही. पुढच्या प्रवासाचा सगळ्यात अवघड भाग मला तोच वाटतो." असं म्हणून त्या थांबल्या.

सर म्हणाले, "पाहुण्यांना असं म्हणायचंय की लवकरच मंगळावरसुद्धा मोबाइलला रेंज येणार!"

मी कपाळावर हात मारला. पण हे सगळं हसून सोडून देता आलं असतं. कमलबाई तिथे नसत्या तर मी दिलंही असतं सोडून.

कमलबाई म्हणजे आमच्या कॉलेजातल्या शिपाई. मूळच्या चांदवडकडच्या, नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी, प्रियंका. पोरीनं इंजिनिअरिंग केलं, सातपूरला एका कारखान्यात चिकटली आणि त्या वर्षी तिला दक्षिणेतून बोलावणं आलं. जिथे रॉकेटची इंजिनं पेटवून तपासतात अशा ठिकाणी नोकरी. पोरगी उड्या मारत होती आणि आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. "मॅडम, लय लांब हे ते. आन आगीशी खेळ हे. पाठवू का नको?" रोज मला विचारायच्या. मी म्हणायचे, "कमलबाई, मी कोण सांगणार?" शेवटी मीच त्यांना म्हटलं, ह्या व्याख्यानाला चला. जी बाई स्वतः जाऊन आलीय तिलाच विचारा. प्रियंकाची त्या दिवशी शिफ्ट होती म्हणून ती नव्हती. असती तर बरं झालं असतं, पोरीला इंग्रजी येतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तशा कमलबाई माझ्या शेजारून उठल्या. माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "ताई, माझी एकच पोरगी हे. ती राकेटच्या कामाला जाते म्हणती. तिला पाठवू का? तिला काही होणार नाय ना?"

हा प्रश्न तेवढा सरांनी नीट विचारला. कारण त्यात घालायला काही जागाच नव्हती. बाई पुढे आल्या, स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसल्या, म्हणजे कमलबाईंचा चेहरा दिसावा. आणि हळूच म्हणाल्या, "मला माहीत नाही. माझ्या आईनंही हेच विचारलं होतं, तिलाही कुणी सांगू शकलं नाही. मी जाऊन आले, माझ्याबरोबरचे काही जण आले नाहीत. मी तुम्हाला शब्द दिला तर तो खोटा असेल. तुमच्या मुलीशी बोला. ती घाबरलीय का विचारा. ती हो म्हणाली, तर मला जास्त बरं वाटेल."

सगळे सरांकडे बघत होते. सर कमलबाईंकडे बघत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, ते मी पाहिलं. म्हणाले, "माउली, पाहुण्या म्हणतात, निर्धास्त पाठवा. तुमच्या मुलीच्या केसालाही धक्का लागणार नाही. मी शब्द देते, म्हणतात."

अख्खं सभागृह उभं राहिलं. कमलबाईंनी तिथूनच, जमिनीला डोकं टेकवून, बाईंना नमस्कार केला. बाई गोंधळून सरांना काहीतरी विचारत होत्या आणि सर मान डोलावत होते.

मी गप्प बसले नाही. टाळ्या ओसरल्यावर पायऱ्यांवरच कमलबाईंना धरलं आणि बाई जे बोलल्या ते शब्दन्‌शब्द सांगितलं. त्या माझ्याकडे बघून कीव आल्यासारखं हसल्या. "मॅडम, तुमची तब्येत बरी नाय आज. घसा बसलाय, कानालाबी दडे बसले असतील. ते सर एवढ्या माणसांसमोर माईकवर बोलले. खोटं कसं बोलतील?"

मी सरांकडे गेले. ते फोटो काढून घेत होते. "सर, तुम्ही त्या बाईच्या तोंडात शब्द घातलात. शब्द म्हणजे वचन! उद्या काही झालं तर?" सर म्हणाले, "मॅडम, त्या माउलीचा चेहरा पाहिलात का तुम्ही? किती फुलला होता!" दिवाळी गोड झाली होती ना.

प्रियंका गेली. कमलबाई कॉलेजात सगळ्यांना सांगत फिरायच्या की अंतराळातल्या बाईनं शब्द दिलाय. सरांनी पुढच्या वर्षी त्यांचा 'वीरमाता' म्हणून शाल देऊन सत्कारसुद्धा केला. सत्काराला उत्तर म्हणून कमलबाई काही बोलायला गेल्या, तर सर म्हणाले, "माउलींना असं म्हणायचंय की..." मी उठून बाहेर गेले.

आणि एके दिवशी दुपारी कमलबाई माझ्या दारात. हातात पिशवी, पायांत दोन वेगळ्या चपला. तिकडे चाचणीच्या वेळी काहीतरी फुटलं होतं. प्रियंकाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट शेजारच्या मुलानं काढून दिलं होतं. मी म्हटलं, "चला, मी नाशिकरोडला सोडते, आत या, दोन घास खा." त्या उंबऱ्याच्या आत येईनात. "मला आधी खांबेटे सरांकडं न्या. त्या बाईनं शब्द दिलता. तिला फोन लावा म्हनावं. हात वाचंल का ते विचारायचंय मला. तिला माहीत असंल."

मी नेलं. खोटं का बोलू, मला हेच हवं होतं. आज हा माणूस तोंडघशी पडणार, आज ह्याला कबूल करावं लागणार, असं रिक्षात बसल्या बसल्या माझ्या मनात चाललं होतं. कमलबाई माझ्या शेजारी पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या.

दार सरांच्या बायकोनं, शैलाताईंनी उघडलं. सर बनियन-पायजम्यात टीव्ही बघत होते. आम्हाला बघून गडबडीनं शर्ट चढवला. कमलबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. "तिला फोन लावा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी म्हटलं, "हं, बोला सर. सांगा ह्यांना."

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कमलबाईंकडे बघितलं. मग टेबलावरचा मोबाइल उचलला, बोटानं काही दाबल्यासारखं केलं आणि कानाला लावला. मी त्यांच्या अगदी बाजूला होते. स्क्रीन काळी होती. फोन कुणालाही लागलेला नव्हता.

आणि सर इंग्रजीत बोलायला लागले. काय बोलले ते मी जसंच्या तसं देते, पदरचं काही न घालता.

"मॅडम, मी नाशिकहून खांबेटे बोलतोय. तुम्ही शब्द दिला नव्हता. मी दिला. त्या मुलीचा हात भाजला आहे. तिची आई माझ्यासमोर उभी आहे. तिला काय सांगू, मला माहीत नाही. मला खरंच काही माहीत नाही. मला कधीच काही माहीत नव्हतं." मग पलीकडून कुणी बोलत असावं तशी मान हलवली. फोनवर तळहात ठेवून मराठीत म्हणाले, "माउली, पाहुण्या म्हणतात, काळजी करू नका. हात पूर्ण बरा होईल. शब्द देते, म्हणतात."

कमलबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळल्या. "मॅडम, असं म्हनली का ती?"

मी म्हटलं, "नाही. फोन लागलेलाच नाही कमलबाई. तिकडे कुणी नाही. सरच बोलत होते. आणि इंग्रजीत ते म्हणाले, की शब्द मीच दिला होता आणि मला काही माहीत नाही."

कमलबाईंनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं आता शिव्या घालतील, माझी तयारी होती, मीही दोन घातल्या असत्या. त्या सरांना म्हणाल्या, "मग ते मराठीत का नाय म्हनले?"

सरांनी मोबाइल पुन्हा कानाला लावला.

"मराठीत म्हनायचं की, सर. माहीत नाय, असं. मी काय मारनार होते का तुम्हाला? मलाबी माहीत नाय. दोघं बसलो असतो घडीभर." आणि पिशवी उचलून त्या जिना उतरायला लागल्या.

प्रियंकाचा हात वाचला. दोन बोटं पुरती मिटत नाहीत. बरी झाल्यावर ती पुन्हा तिथेच कामाला गेली आणि ह्या वेळी कमलबाईंनी कुणालाच काही विचारलं नाही. त्या तिच्याशी रोज संध्याकाळी बोलतात. भीती वाटते का विचारतात. ती हो म्हणते, मग दोघी जेवायला बसतात. मी त्या दिवसापासून मंडळात पाऊल ठेवलं नाही. ऐकते ते असं, की सर पुढच्याच महिन्यात पुन्हा टोपी चढवून उभे होते आणि मरेपर्यंत प्रत्येक वक्त्याला काय म्हणायचंय ते सांगत राहिले. माणूस सुधारत नसतो. मंडळाची पोरं म्हणतात, किती लोकांना त्यांनी धीर दिला. दिला असेल. मला त्याचं कौतुक नाही.

मला ते दिसतात ते त्या दुपारचेच. कमलबाईंच्या मागोमाग मी निघाले आणि दारातून वळून बघितलं. सर खोलीच्या मधोमध उभे होते, शर्टाची बटणं खालीवर लावलेली, मोबाइल अजून कानाला तसाच. शैलाताई पुढे झाल्या, त्यांचं मनगट धरून हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "ठेवा आता. कुणी नाहीये तिकडे."